गादीवर बसला तो देवाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील एका पतसंस्थेच्या संस्थापकांची शोकसभा भरली होती. माणूस खरोखरच मोठा. सावकाराच्या दारी वाड्या गहाण पडत होत्या त्या दिवसांत त्याने घरोघर हिंडून आठ आणे, रुपया गोळा केला आणि संस्था उभी केली. सभेच्या अखेरीस एका वक्त्याने पवित्र बायबल उघडून शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा सातवा अध्याय वाचला. नाथान संदेष्ट्याच्या मुखाने परमेश्वराने दावीदाच्या घराण्याला दिलेले अभिवचन त्यात आहे. पुस्तक मिटून वक्ता म्हणाला, की संस्थापकांच्या खुर्चीवर त्यांचे चिरंजीव बसावेत हा आमचा नुसता आग्रह नव्हे, त्याला शास्त्राचा आधार आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर मीही होतो, आणि टाळ्या मीही वाजविल्या.

त्या टाळ्यांची टोचणी अजून गेलेली नाही, म्हणून हा लेख. चिरंजीवांविषयी माझी तक्रार नाही. ते हिशेबाला चोख आहेत आणि सभासदांनी त्यांना मते देऊन निवडले तर मला आनंदच होईल. माझे भांडण आहे ते त्या वाचनाशी, आणि असे वाचन करण्याची सवय ज्यांनी समाजाला लावली त्या आम्हा धर्मगुरूंशी. शौलाने आज्ञा मोडली म्हणून देवाने त्याला टाकले, दावीद देवाच्या मनासारखा होता म्हणून त्याला गादी मिळाली, शलमोन शहाणा होता म्हणून ती त्याच्याकडे गेली, असे आम्ही वर्षानुवर्षे वेदीवरून सांगत आलो. ऐकणाऱ्याने त्यातून एकच सूत्र उचलले: गादीवर जो बसला तो देवाचा, आणि जो पडला तो देवाने पाडलेला. या सूत्राइतके बायबलविरोधी सूत्र शोधून सापडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात इस्राएलात राजा आला तोच देवाच्या नाराजीने. लोकांनी गिदोनाला म्हटले, तू, तुझा पुत्र आणि तुझा नातू आमच्यावर राज्य करोत. त्याने स्वतःसाठी आणि मुलासाठी साफ नकार दिला. त्याचाच एक मुलगा अबीमलेख याने पुढे आपल्या सत्तर भावांना एका धोंड्यावर मारून राज्य बळकावले. एली याजकाचे पुत्र वेदीपुढचे मांस ओरबाडून खात. आणि ज्या शमुवेलाने एलीच्या घरावरचा न्याय बालवयात ऐकला, त्याचे स्वतःचे पुत्र न्यायासनावर बसून लाच खाऊ लागले. शमुवेल साधुपुरुष होता यात वाद नाही. पण साधुत्व रक्तातून उतरत नाही हे त्याच्याच घरात सिद्ध झाले, आणि त्यामुळेच लोकांनी राजा मागितला. वंशपरंपरेचा पहिला पराभव असा याजकांच्या आणि संदेष्ट्यांच्या घरी झाला. शोकसभेतील वक्त्याने सातवा अध्याय वाचला. तेच पुस्तक थोडे मागे उलटले असते तर बरे झाले असते.

आता शौल. शौलाच्या मत्सराचा आरंभ कशात आहे पाहा. सैन्य परतत असताना गावोगावच्या स्त्रिया डफ घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी गाणे म्हटले. त्यात शौलाला हजारांचे श्रेय होते आणि दावीदाला दहा हजारांचे. बस्स, एवढेच. राज्य गेले नव्हते, सैन्य फितले नव्हते. त्या गाण्यात शौलाची निंदाही नव्हती, उलट स्तुतीच होती. फक्त दुसऱ्याची थोडी जास्त होती. त्या दिवसापासून शौल दावीदाला डोळ्यांत ठेवू लागला. हा उतारा मी सेमिनरीत असताना अनेकदा वाचला, त्यावर टिपणेही काढली; पण तो कळला फार उशिरा. एका धर्मग्रामात माझ्या हाताखाली एक तरुण सहायक धर्मगुरू आला. त्याचा आवाज गोड, उपदेश लहान, आणि घराघरांतल्या मुलांची नावे त्याला तोंडपाठ. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोन वृद्धा एकमेकींना सांगत होत्या, की फादर लहान असले तरी मिस्सा त्यांचीच खरी. मी मागेच उभा होतो. त्यानंतरच्या महिन्यात मी त्याच्या वाट्याला कोणकोणती कामे दिली आणि कोणती काढून घेतली याची यादी येथे देत नाही. माझ्या हातात भाला नव्हता, हा केवळ देवाचा उपकार.

शौलाच्या घरात एक माणूस मात्र असा होता, की ज्याचे नाव आपल्या प्रवचनांत मैत्रीच्या गोड दृष्टान्तापुरतेच येते. योनाथान हा युवराज. दावीद गादीवर आला तर सर्वांत मोठे नुकसान त्याचे. शौल त्याला भर जेवणात तेच ओरडून सांगतो. आणि योनाथानाने काय केले? अंगावरचा झगा, तलवार, धनुष्य काढून दावीदाला दिले. वारसाने आपण होऊन वारसा उतरवून ठेवल्याचे एवढे उघड उदाहरण त्या साऱ्या राजवंशांत दुसरे नाही. वडिलांना त्याने सोडले नाही. गिलबोवाच्या डोंगरावर त्यांच्याबरोबरच मेला. वारसाहक्कासाठी बायबलचा दाखला हवा असणाऱ्यांना हा दाखला का आठवत नाही?

शौलाच्या मत्सराने पुढे काय केले ते नोब या याजकांच्या गावाला विचारावे. पळत असलेला दावीद तेथे आला. अहीमलेख याजकाने त्याला पवित्र भाकरी आणि गल्याथाची तलवार दिली. राजाचा जावई राजाच्याच कामावर आहे असे त्या बिचाऱ्याला वाटले. शौलाच्या मेंढपाळांचा मुख्य दवेग अदोमी हा ते पाहत होता. त्याने चुगली केली. शौलाने याजकांना बोलावून कटाचा आरोप ठेवला आणि शिपायांना त्यांना मारण्याची आज्ञा दिली. शिपायांनी हात उचलला नाही. मग दवेगाने तलवार घेतली आणि तागाचे एफोद नेसलेले ८५ याजक एका दिवसात कापले. गावातील बायका, तान्ही मुले, गुरेढोरे, काही उरले नाही. आपल्या दैनिक मिस्सेच्या वाचनमालेत गाण्याचा आणि मत्सराचा उतारा एक वर्षाआड येतो. नाथानाचे अभिवचन तर वर्षातून अनेकदा कानी पडते. नोब मात्र त्या वाचनमालेत येत नाही. श्रद्धावंतांना तो अध्याय ठाऊक नसला तर दोष त्यांचा नाही.

नोब वाचताना मला पंढरपूर आठवते. याचे कारण बहुतेक वाचकांना एकदम ध्यानात येणार नाही. पंढरपूर म्हटले की चंद्रभागा, नामदेव पायरी, महाद्वारापाशी देवळाबाहेर राहिलेली चोखोबांची समाधी आणि १९४७ च्या मे महिन्यात दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून प्राण पणाला लावणारे साने गुरुजी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच क्षेत्रात २० जुलै १८१५ रोजी, आषाढी वारीच्या दिवसांत, गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. काही वर्षांपूर्वी सोलापूरहून परतताना मी एका वारकरी स्नेह्यासोबत तेथे उतरलो होतो. त्यांनी मला देऊळ बाहेरून मोठ्या प्रेमाने दाखविले. शास्त्र्यांच्या खुनाविषयी विचारले तेव्हा ते गोंधळले. त्यांना सारे अभंग पाठ होते, हे एवढे ठाऊक नव्हते.

शास्त्री बडोद्याच्या गायकवाडांचे वकील. अहमदाबादच्या इजाऱ्याचा आणि जुन्या येण्या-देण्याचा तंटा मिटविण्यासाठी ते इंग्रजांच्या हमीवर दुसऱ्या बाजीरावाकडे पुण्यास आले होते. बडोद्यात आनंदराव गायकवाड नावाचे राजे, कारभार धाकटे बंधू फत्तेसिंगरावांच्या हाती. जुने दिवाण रावजी आपाजी वारल्यावर त्यांचा दत्तकपुत्र सीताराम दिवाणगिरीवर आला, पुढे बाजूला पडला आणि शास्त्र्यांचे महत्त्व वाढले. म्हणजे दिवाणगिरीचा वारस आणि दिवाणगिरीचे काम करणारा यांचे वैर. सीतारामचे हस्तकही पुण्यात येऊन बसलेले. बाजीरावाने आधी शास्त्र्यांना जवळ केले, आपल्या मेहुणीचे लग्न शास्त्र्यांच्या मुलाशी ठरविले, नाशिकास तयारी झाली. शास्त्र्यांनी मग पाऊल मागे घेतले. राजाची सोयरीक नाकारणे म्हणजे काय हे मेरब आणि मीखल या शौलाच्या मुलींची कथा वाचलेल्यांना सांगायला नको. पंढरपुरास त्या रात्री शास्त्र्यांच्या अंगात कसर होती. देवळात येण्याचा निरोप त्यांनी आधी परतविला. पुन्हा निरोप आला तेव्हा मोजकी माणसे घेऊन गेले. दर्शन झाले, बोलणे झाले, आणि परतीच्या वाटेवर मागून धावत आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना तोडले.

एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहत होता. त्याने ठपका त्र्यंबकजी डेंगळ्यावर ठेवला, बाजीरावावर दडपण आणून सप्टेंबरात त्याला ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात टाकले. पुढच्याच वर्षी त्र्यंबकजी तेथून निसटला. मग १८१७ चा पुण्याचा तह, खडकी, कोरेगाव, आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी याच सोलापूर जिल्ह्यातील आष्टी, जेथे बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. जून महिन्यात बाजीराव माल्कमला शरण गेला आणि आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला जाऊन राहिला.

येथे मला मोह होतो तो बाजीरावाला शौल आणि त्र्यंबकजीला दवेग ठरविण्याचा. जासुदाच्या कामापासून धन्याच्या कानापर्यंत चढलेला माणूस, धन्याच्या मनातले ओळखून शस्त्र उचलणारा. जोड छान बसते. आणि म्हणूनच मी तिच्यापासून हात मागे घेतो. त्र्यंबकजीवर उघड न्यायासनापुढे खटला कधी चाललाच नाही. त्याच्याविरुद्धचे पुरावे गोळा केले ते ज्यांना पेशवाई हवी होती त्यांनी. ठाण्याहून सुटल्यावर त्याने भिल्ल आणि रामोशी जमवून इंग्रजांशीच झुंज घेतली आणि अखेर चुनारच्या किल्ल्यात कैदी म्हणून मेला. खुनात त्याचा हात नव्हता असे मी म्हणत नाही. ही कथा आपल्यापर्यंत कोणाच्या लेखणीतून आली ते विसरू नये, इतकेच म्हणतो.

हाच प्रश्न शमुवेलच्या पुस्तकांनाही विचारावा लागतो, आणि तो विचारायला आम्ही भितो. शौल वेडसर, शौल मत्सरी, शौल देवाने टाकलेला, हे सारे ज्यांनी लिहिले ते शौलाच्या दरबारातले नव्हते. दावीदाच्या घराण्याचे राज्य स्थिर झाल्यावर, त्या घराण्याच्या छायेत ही बरीचशी कथा रचली गेली असे बायबलचे अभ्यासक मानतात. पण दरबारी लेखन असूनही या पुस्तकाने जे केले ते आपल्या बखरींत क्वचितच दिसेल. पराभूताचा आवाज त्याने पुसला नाही. अबशालोमाच्या बंडात दावीद पळत असता शौलाच्या कुळातला शिमी टेकडीवरून धोंडे मारतो, धूळ उधळतो आणि शौलाच्या घराण्याचे रक्त तुझ्या माथी आहे असे ओरडतो. यवाबाचा भाऊ त्याचे डोके उडवायला निघतो, आणि दावीद त्याला थांबवितो. कदाचित परमेश्वरानेच त्याला बोलायला सांगितले असेल, असे म्हणतो. मग एकविसावा अध्याय. शौलाचे दोन पुत्र आणि पाच नातू दावीदाने गिबोनी लोकांच्या हवाली केले आणि त्यांना डोंगरावर टांगण्यात आले. कारण दिले आहे दुष्काळाचे. त्या कारणामागे राजाची सोय किती होती ते वाचकाने ठरवावे. शौलाची उपपत्नी रिस्पा खडकावर गोणपाट पसरून, हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पाखरे आणि रात्री श्वापदे हाकलीत त्या प्रेतांपाशी बसून राहिली. पुस्तकाने तिचे नाव जपले. शिमीला मात्र पुढे शलमोनाने मारले, बापाच्या मृत्युशय्येवरील सांगण्यावरून. हेही पुस्तकाने लपविले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात जुन्या करारात अपूर्ण आणि तात्पुरतेही काही आहे हे मान्य केले आणि त्यातूनच देव माणसाला कसा घडवितो ते पाहण्यास सांगितले. त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. आमचे उपदेश अजून शौल काळा आणि दावीद गोरा या रंगांतच चालले आहेत.

नाथानाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तो आमच्या जातीचा. सातव्या अध्यायात दावीदाच्या घराण्याला अभिवचन देणारा नाथान आणि बाराव्या अध्यायात तुझ्या घरातून तलवार कधी जाणार नाही असे बजावणारा नाथान, हे दोघे एकच. अभिवचन आणि तलवार एकाच घराला, एकाच मुखातून. उरीयाची बायको घेतली, उरीयाला रणात मारविले, आणि हे तोंडावर सांगणारा एक माणूस राजापाशी होता. आपल्याकडे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी हेच काम केले. या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असे त्यांनी रघुनाथरावाला सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. (‘ध’चा ‘मा’ केल्याचा आळ मात्र आपण सारे आनंदीबाईवर ठेवून मोकळे झालो, राजवाड्यातील रक्ताला एखादी बाई सापडली की पुरुषांचे काम हलके होते.) फरक एवढाच की दावीद गुडघ्यावर आला, रघुनाथराव आला नाही. पंढरपुराचा बाजीराव या रघुनाथरावाचाच मुलगा. बापाच्या गादीच्या हावेपायी त्याचे बालपण कैदेसारखे गेले, आणि माणसावर विश्वास टाकण्याची शक्तीच त्याच्यात उरली नाही. त्याच बाजीरावाने १८०२ साली आपल्या वसईत बसून इंग्रजांशी तह केला, हेही आठवावे.

पण नाथानाचे पुढे काय झाले? राजांच्या पहिल्या पुस्तकात दावीद म्हातारा, थंडीने कुडकुडणारा, अंथरुणाला खिळलेला. थोरला अदोनीया गादीवर हक्क सांगतो. तेव्हा हाच नाथान बथशेबेकडे जातो आणि राजापुढे काय बोलायचे, कोणत्या क्षणी बोलायचे, मी मागून येऊन दुजोरा कसा देईन, हे सारे तिला शिकवितो. पापाबद्दल राजाला धारेवर धरणारा संदेष्टा उतारवयात एका पक्षाचा सूत्रधार झाला. सादोक याजक त्याच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला अब्याथार याजक, नोबच्या कत्तलीतून वाचलेला एकटा. शलमोन जिंकला आणि अब्याथारला अनाथोथ गावी हाकलून दिले. शतकांनंतर त्याच अनाथोथच्या याजकांमधून यिर्मया आला, आणि त्याने दावीदाच्या गादीवरील अखेरच्या राजांना सांगितले, की तुमचा वाडा ओसाड पडेल. यिर्मया अब्याथारच्या वंशातला होता असे शास्त्र सांगत नाही. मला मात्र तसे मानायला आवडते.

आता आक्षेप येईल, आणि शोकसभेनंतर चहाच्या वेळी तो आलाही: फादर, आपला प्रभू दावीदाच्याच वंशातला ना? होय. पण मत्तयची वंशावळ लक्षपूर्वक वाचा. तिच्यात तामार आहे, राहाब आहे, परकी रूथ आहे; आणि बथशेबेचे नाव न घेता ‘उरीयाची बायको’ असा उल्लेख आहे, म्हणजे मेलेल्या नवऱ्याचे नाव राजाच्या वंशावळीत गोवून ठेवले आहे. वंश पुढे जातो, गादी मात्र बाबेलच्या स्वारीत संपते. मग शतके लोटतात आणि वंशाच्या टोकाला नासरेथचा एक सुतार उभा राहतो. नाथानाचे ते अभिवचन ख्रिस्तसभा १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला वाचते. ज्याच्याकडे गादी नाही, खुर्ची नाही, आणि ज्याच्या घरातला मुलगा त्याच्या रक्ताचा नाही, अशा माणसाच्या दिवशी. याहून स्पष्ट भाष्य ख्रिस्तसभेने काय करावे? गादीवर त्या वेळी हेरोद होता, आणि त्याने मत्सरापायी स्वतःचे पोटचे मुलगे मारले. जब्दीच्या मुलांची आई आपल्या पोरांसाठी उजवी-डावी आसने मागायला आली तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले ते प्रत्येक पहिल्या कम्युनियनच्या मुलाला ठाऊक आहे.

पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. दुसऱ्याच्या देवळाविषयी निकाल देणे हे माझे काम नव्हे; त्या घराण्यांनीही पिढ्यान् पिढ्या सेवा केली. मी आमच्या अंगणाकडे बोट दाखवितो. गोव्यातील कितीतरी चर्चमध्ये कॉन्फ्रारियांचे लाल आणि निळे ओपा-मुर्सा जातीवरून आणि घराण्यांवरून वाटलेले होते, सणाचा मान ठरावीक गावकरांचा होता, आणि त्यासाठी भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या चढले. आपल्या इकडे झगे नाहीत, पण शाळेची समिती आहे, सणाची वर्गणी आहे, स्मरणिकेतील छायाचित्रांचा क्रम आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका उघडा. जे हरले, जे रागावून निघून गेले, ज्यांनी एखाद्या सभेत उठून हिशेब मागितला, त्यांचे एक नाव सापडते का पाहा. शिमीला बायबलात जागा आहे, आमच्या स्मरणिकेत नाही.

पतसंस्थेची सर्वसाधारण सभा येत्या महिन्यात आहे. आरंभीच्या प्रार्थनेसाठी मला बोलावणे आले असून वाचन कोणते घेणार असे कार्यवाहांनी फोन करून विचारले. कार्यक्रमपत्रिका छापायची आहे. मी त्यांना शमुवेलचे पहिले पुस्तक, अध्याय बावीस असे सांगितले. ते लिहून घेताना थोडे थांबले आणि म्हणाले, फादर, जरा लांब नाही का होणार? मी म्हटले, तेवीस ओव्या आहेत, सावकाश वाचल्या तरी पाच मिनिटे.